तीन नंबरची कॉइल

"आज गाडीचं दुखणं मुळापासून उपटून काढतो!" जावईबापूंनी सकाळीच जाहीर केलं आणि बाह्या सरसावल्या.

"पाचला भंगारवाला येतोय," बायको शांतपणे म्हणाली. "तोवर नीट झाली तर तुमची, नाहीतर त्याची!"

या म्हाताऱ्या गाडीवर जावईबापूंचा फार जीव. खिडक्या उघड्या टाकून, बायकोला शेजारी बसवून थेट समुद्रावर जायचं, हे स्वप्न ते लग्नापासून पाहत होते. पण गाडी चौकात पोचली की उचकी लागल्यासारखी आचके द्यायची. तपासणीचं यंत्र लावलं की दरवेळी एकच उत्तर यायचं : तीन नंबरच्या सिलिंडरची ठिणगी चुकतेय.

सिलिंडर चार, आणि प्रत्येकावर ठिणगी देणारी एकेक कॉइल. जावईबापूंनी पांढऱ्या रंगाने कॉइलींवर नंबर घातले, तीनची एकवर बसवली, एकची तीनवर. बिघाड एकवर सरकला तर दोष कॉइलचा. जागचा हलला नाही तर इंजिनच गेलं! मग हात पुसून ते सोफ्यावर जरा टेकले. पडदा हलत होता, पंखा गुणगुणत होता. बघता बघता जावईबापू समुद्रावर पोचलेसुद्धा.

जाग आल्यावर गाडी सुरू केली. बिघाड तीनवरच! मग डोळे चोळत, नंबर न बघताच तीनची दोनवर बसवली. पुन्हा टेकले, पुन्हा लाटा, पुन्हा वारा. उठून पाहतात तर तीनच!

"इंजिनच गेलं गं बहुतेक," ते बायकोला म्हणाले. डोळे भरून आले होते. शेवटची आशा म्हणून तीनची चारवर बसवली आणि निरोप घेतल्यासारखे ते गाडीतच स्टिअरिंगवर डोकं ठेवून पडले. समुद्र नुकता दिसू लागला होता, इतक्यात उघड्या बॉनेटमागून खुटखुट ऐकू आली.

"बाबा! काय करताय?"

"आवरतोय!" हातात पाना घेतलेले सासरे म्हणाले. त्यांची सगळी नोकरी ग्रंथालयात पुस्तकं नंबराप्रमाणे जागेवर लावण्यात गेलेली. "चारच्या जागी तीन, तीनच्या जागी चार! सकाळपासून तिसऱ्यांदा लावतोय!"

"अहो, मला सांगायचं तरी!"

"झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं?"

जावईबापूंनी त्यांना मिठीच मारली! सासऱ्यांना खोलीत बसवून पुन्हा अदलाबदल केली, तर बिघाड निमूटपणे चारवर गेला. इंजिन ठणठणीत होतं! नवी कॉइल आली, जुनी डिकीत पडली आणि भंगारवाला हात हलवत परत गेला.

दुसऱ्या दिवशी तिघं निघाले. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. बायको चक्क गुणगुणत होती. समुद्राचा खारा वास आला तसे जावईबापू सुखाने एका झाडाखाली थांबले आणि जरा टेकले.

उठून गाडी सुरू केली. आचका! पुन्हा आचका!

जावईबापूंनी सावकाश मागे वळून पाहिलं. मागच्या सीटवर सासरे रुमालाने बोटं पुसत होते.

"तीन नंबर डिकीत बेवारशी पडला होता हो. जागेवर लावला."

"आणि नवी कॉइल?"

"आहे की माझ्या पिशवीत! तिच्यावर नंबर कुठाय? आधी नंबर घाला, मग जागा मिळेल."