बोटभर साल

"भावोजींच्या झाडाला यंदा एकवीस संत्री लागलीत," बायकोनं चहाचा कप पुढे ठेवताना सहज म्हटलं आणि मास्तरांचा चहा तिथल्या तिथे कडू झाला.

भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, मास्तरांचे साडू. राहायला पलीकडच्याच गल्लीत. धंदा फ्रीज दुरुस्तीचा. पाच वर्षांपूर्वी दोघांनी एकाच दिवशी, एकाच रोपवाटिकेतून संत्र्याचं एकेक कलम आणून आपापल्या परसात लावलं. मास्तर बावीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. झाड पाणी कसं ओढतं, पानांत अन्न कसं तयार होतं, हे त्यांनी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. साडूंना झाडाबद्दल एवढंच ठाऊक होतं की ते उभं असतं. तरीही मास्तरांच्या झाडाला नुसती पानं यायची, तीही पिवळट, आणि साडूंचं झाड चांगलं बाळसं धरून होतं. बागकाम मंडळाच्या फळप्रदर्शनातला सर्वांत मोठ्या फळाचा चषक दोन वर्षं साडूंच्या फ्रीजवर मुक्कामाला होता. मास्तर त्या घरी गेले की फ्रीजकडे पाठ करून बसत.

त्यात बायकोचं माहेरप्रेम उतू जात होतं. ताईच्या घरी माशांची मोठी काचेची टाकी होती आणि ताईची कंबर धरायची, म्हणून ही दर शनिवारी पदर खोचून टाकी साफ करायला जायची. तीन बादल्या घाण पाणी स्वतः उपसून परसात नेऊन टाकायची. घरात एक बादली उचलायची तर हिचा खांदा दुखतो, हे मास्तरांनी मनात नोंदवून ठेवलं होतं. या वर्षी तो चषक आपल्या घरी यावा आणि बायकोनं एकदा तरी आपल्या नवऱ्याचं नाव कौतुकानं घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

उन्हाळ्याच्या तोंडाशी साडू आणि ताई आठ दिवस मुलीकडे निघाले. साडू घराची किल्ली घेऊन मास्तरांकडे आले.

"झाडाला पाणी तेवढं घाला मास्तर. तुम्ही जाणकार माणूस, तुमच्या हाती दिलं की मी निर्धास्त."

मास्तरांनी तीन दिवस इमानेइतबारे पाणी घातलं. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी फळं मोजली. एका जाड फांदीवर नऊ होती, लिंबाएवढी, पण टुमटुमीत. घरच्या झाडावर दोन होती आणि त्यातलं एक सकाळीच गळलं होतं. तेव्हा मास्तरांच्या मनात जे आलं ते त्यांना आवडलं नाही, पण पटलं. झाडाचं अन्न सालीतल्या रसवाहिन्यांतून जातं. साल गोल काढली की अन्नाची वाट बंद, खेळ खलास. त्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेतली छोटी सुरी आणली, फांदीभोवती बांगडीसारखी बोटभर रुंद साल सोलून काढली आणि दोनदा हात धुतले.

मग वाट बघणं आलं. साडू परत आले, आठवडा गेला, पंधरवडा गेला, फांदी काही सुकेना. मास्तर दर दोन दिवसांनी "सहज आलो होतो" म्हणत परसात डोकावू लागले. पानं हिरवीगार. फळं फुगत होती, आणि त्या फांदीवरची तर डोळ्यांत खुपतील अशी. साडूंना भरून आलं. ते ताईला म्हणाले की हा माणूस स्वतःच्या झाडाकडे एवढं बघत नाही. ते ताईनं बायकोला सांगितलं आणि बायकोनं मास्तरांना सांगितलं, तेव्हा मास्तर अर्ध्या ताटावरून उठले.

उलगडा झाला तो सहामाहीचे पेपर तपासताना. प्रश्नपत्रिका यंदा दुसऱ्या शाळेतून आली होती. प्रश्न होता, फांदीची साल गोलाकार काढल्यास काय होईल. पहिल्याच मुलीनं लिहिलं होतं, 'वरची फळे मोठी व गोड होतात.' मास्तरांनी लाल शाईनं सणसणीत फुली मारली. दुसऱ्या पेपरात तेच. कॉपी केली असणार. सातव्या पेपरातही तेच आलं, तेव्हा मास्तरांनी पुस्तक उघडलं.

पुस्तकात सगळं होतं. पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार मुळांकडून वर चढतात ते आतल्या लाकडातल्या जलवाहिन्यांतून. तिथवर मास्तरांची सुरी पोचलीच नव्हती, म्हणून पानं टवटवीत होती. पानांनी केलेली साखर सालीतून खाली मुळांकडे निघते. ती वाट मास्तरांनी तोडली होती, म्हणून साखर वरच अडकली आणि निमूटपणे फळांत शिरली. हा भाग धड्याच्या शेवटी होता. दरवर्षी आकृती काढता काढता घंटा व्हायची आणि मास्तर "पुढचं घरी वाचा" म्हणून मोकळे व्हायचे. मुलांनी घरी वाचलं होतं. मास्तरांनी वाचलं नव्हतं. त्यांनी सगळ्या फुल्या खोडल्या आणि पूर्ण गुण दिले.

प्रदर्शनात साडूंचं संत्रं काट्यावर ठेवलं आणि परीक्षकांनी बाकीची ताटं बघायचेही कष्ट घेतले नाहीत. साडू व्यासपीठावर चढले, पण चषक घेईनात. फळं काढताना त्यांना फांदीवरची ती बांगडी दिसली होती. त्यांनी रोपवाटिकेवाल्याला आणून दाखवली, तर तो म्हणाला की हा जाणत्याचा हात आहे.

"किल्ली एकाच माणसाकडे होती," साडू माइकवर म्हणाले. "माझ्या झाडासाठी एवढं केलं आणि शब्दानं बोलला नाही. चषक मास्तरांचा आहे."

टाळ्या पडल्या. मास्तरांनी चषक हातात घेतला, गरम पातेलं घ्यावं तसा.

संध्याकाळी साडू संत्र्यांची पिशवी आणि किल्ली घेऊन घरी आले. पुढच्या उन्हाळ्यातही मुलीकडे जायचं होतं.

"आणि पुढच्या खेपेला सगळ्या फांद्यांना करा मास्तर. एकही सोडू नका."

मास्तरांना पुस्तक आता पाठ होतं. सगळ्या फांद्यांची साल काढली तर मुळांना अन्नाचा कण मिळणार नाही आणि झाड उभ्या उभ्या मरेल. मालक स्वतः, किल्लीसकट, विनवणी करत होता. मास्तरांनी किल्लीकडे पाहिलं, साडूंच्या भोळ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"सगळ्यांना नाही करायचं," ते म्हणाले. "मुळं उपाशी मरतात."

साडू गेले. चषक आता मास्तरांच्या फ्रीजवर होता. बायको संत्रं सोलत बसली होती.

"एक विचारू? तुम्हाला ही विद्या येत होती, तर आपल्या झाडाला का नाही केलंत?"

मास्तरांनी फ्रीजकडे पाठ केली. "वाळवायला गेलो होतो," ते म्हणाले. "जळफळाट व्हायचा माझा."

ती रागावली नाही. साल बशीत ठेवत म्हणाली, "मला वाटलं, मी एकटीच."

"म्हणजे?"

"दर शनिवारी टाकीतलं ते हिरवं घाण पाणी मी कुठे ओतत होते? त्याच झाडाच्या बुंध्याशी. तीन-तीन बादल्या. म्हटलं, सडेल कधीतरी मूळ. ताई फडकं घेऊन तो चषक पुसत बसायची ना, मला बघवत नव्हतं."

मास्तरांमधला शिक्षक जागा झाला. "अगं, त्या पाण्यात माशांची घाण असते. त्यात नत्र असतं. मुळं पाण्याबरोबर ते ओढून घेतात. झाडाला याहून चांगलं खत विकत मिळत नाही."

बायकोच्या हातातली फोड हातातच राहिली.

"आणि आपल्या झाडाला काय घालायचीस?" मास्तरांनी विचारलं.

"प्यायचं पाणी," ती म्हणाली. "उकळून, गाळून."