हेमाचं वजन

अंतराळात जाणाऱ्या माणसाला निघण्यापूर्वी आपलं वजन रक्ताच्या नातेवाइकाकडे सोपवावं लागतं. डॉ. हेमलता शेडगे यांनी ते थोरल्या बहिणीकडे, शालनकडे सोपवलं.

हेमा दगडफुलाची शास्त्रज्ञ. मसाल्यात पडणारं हे दगडफूल उघड्या अंतराळात जगतं का, हे पाहायला तिची निवड झाली आणि ती अंतराळवीर झाली. आईवडील लवकर गेलेले. कराडला पिठाची गिरणी चालवून शालननेच तिला शिकवलं होतं.

"मध्येच परत करता येणार नाही," मोहिमेचे अधिकारी म्हणाले.

"परत कशाला करीन? लहानपणी माझ्याच कडेवर असायची ही," शालन म्हणाली.

पहिल्या मोहिमेत शालनचे गुडघे गेले. उतरल्याबरोबर हेमाने वजन परत घेतलं आणि बहिणीचे पाय चेपून दिले. दुसऱ्या मोहिमेचं बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, "अक्का, मी नाही म्हणून कळवते."

"आणि करशील काय? दळण घेत बसशील?" शालन ओरडली. "जा तू."

हेमा गेली. दगडफूल जगलं, म्हणून मोहीम वाढवली. इकडे शालनला आधी जिना चढवेना, मग उठवेना. फोनवर ती "बरी आहे" एवढंच सांगायची. श्रावणात ती वारली. चौघांना तिरडी उचलेना, आठ जण लागले.

हेमा परतली ती तरंगतच. शालनच्या यजमानांनी, शंकररावांनी, तिच्या कमरेला दोर बांधून तिला घरी आणलं. आठ जणांनी कसाबसा घरी आणलेला अस्थींचा कलश नंतर कुणालाच हलवता आला नव्हता, म्हणून विसर्जन राहिलं होतं.

अधिकारी भेटायला आले. "तुमचं वजन त्या कलशात आहे, घेता येईल. पण आता ते वेगळं होत नाही, बहिणीचंही येईल. दोघींचं वजन तुम्हाला कुणाकडे सोपवता येणार नाही. म्हणजे पुन्हा वर जाणं नाही. वजन न घेता अशाच राहिलात तर अंतराळातली कायम नेमणूक देतो."

अधिकारी गेल्यावर शंकरराव म्हणाले, "तिला विचारलं असतंस, तर जा म्हणाली असती."

"म्हणूनच नाही विचारत, दाजी."

हेमाने कलशावर हात ठेवला. तिचे पाय खाली आले आणि फरशी तडकली. शंकररावांनी कलश एका हाताने उचलला. दोघं संगमाकडे निघाली. शंकरराव चार पावलं चालून तिच्यासाठी थांबत होते.