डोंगरावरची अकरा घरं

धुरपदाबाई डोंगराला भीत नव्हती. उलट, तिला येताना पाहून डोंगरानंच जरा सरकून बसावं, अशी तिची अपेक्षा असायची!

"वणीचा गड मी नऊ वेळा चढली, रूपाली. फैजपूरहून पायी! त्यातही दोनदा तुझा बाप कडेवर होता, अन् तो काही आजच्यासारखा वाळलेला नव्हता. तुमचं हे अमेरिकेतलं टेकाड मले काय दाखवतं!"

"आजी, टेकाडाची काळजी नाहीये गं मला. तुझ्या तोंडाची आहे."

नात रूपाली बोस्टनला नोकरी करायची. तिनं आजीला दोन महिने बोलावून घेतलं होतं, आणि आज समुद्राकाठच्या एका राष्ट्रीय उद्यानात डोंगर चढायला आणलं होतं. पण खरं कारण डोंगर नव्हता. खरं कारण गाडीच्या पुढच्या सीटवर बसून भाजलेले शेंगदाणे खात होतं. साक्रीचे प्रेमराज नाना!

नानांचा मुलगा भूषण आणि रूपाली, दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं. भूषणच्या आईला, कोकिळाबाईंना, पोरगी आवडली होती. नानांचा होकार तेवढा अडला होता, आणि परवा त्यांचं परतीचं विमान. नानांची शंका अशी, की केळीच्या पट्ट्यातली ही पोरगी. बारमाही पाण्यात, गार सावलीत वाढलेली. आमच्या डोंगरातल्या घराण्यात टिकेल का? आता पोरगा बोस्टनला, पोरगी बोस्टनला. यात साक्रीचा डोंगर कुठून आडवा आला! पण हे नानांना विचारायची धुरपदाबाईला बंदी होती.

"आज फक्त तोंड उघडू नकोस," रूपालीनं बजावलं होतं.

"जेवायले?"

"जेवायला उघड. बाकी गप्प. माझी शपथ."

धुरपदाबाईनं शपथ घेतली. हातांबद्दल रूपाली काही बोलली नव्हती. सगळा घोळ तिथंच झाला!

डोंगर मात्र खरंच देखणा होता. खाली निळा समुद्र, मध्ये झाडी, आणि वर नुसता गुलाबी कातळ, बाळंतिणीच्या पोरासारखा उघडा. नाना सगळ्यांच्या पुढे. हातात काठी, डोक्यावर टोपी, आणि दर दहा पावलांनी मागे वळून सगळ्यांना अहिराणीत एक भाषण.

"मना मांगे या बठ्ठा! डोंगर काय शे, तो आमले विचारा!"

धुरपदाबाईनं निम्मा चढ तोंड मिटून काढला. पण रूपालीनं घेऊन दिलेले ते पांढरे बूट! एकेक बूट म्हणजे भरलेली घागर. सपाट कातळ आला आणि तिनं बसकण मारली.

"व्हा तुम्ही पुढं. मी इथंच समुद्र पाहते."

नाना हसले. "काय अक्का, दमल्या? बरोबर शे! केळीना बागमा चढ कोठे राहस!"

धुरपदाबाईच्या जिभेवर असं उत्तर आलं होतं, की नाना तिथूनच गडगडत समुद्रात गेले असते. तिनं ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा! रूपाली थांबू लागली तर तिनं डोळ्यांनीच दटावलं: जा, सासऱ्याच्या मागं चाल.

नाना, कोकिळाबाई, भूषण आणि रूपाली, चौघं गेली. धुरपदाबाईनं थर्मासातला चहा प्यायला, पदरानं तोंड पुसलं, आणि मग तिचं लक्ष शेजारी गेलं.

कातळावर दगड रचून ठेवलेले होते. दोन उभे दगड, त्यांवर आडवी फरशी, आणि फरशीच्या वर मधोमध एक लहान दगड. धुरपदाबाई बघतच राहिली. दोन खांब, वर स्लॅब, स्लॅबवर पाण्याची टाकी! घर होतं ते!

वणीच्या गडाच्या वाटेवर माणसं असेच दगडांवर दगड रचतात. आईला सांगायचं, बाई गं, माझंही असं घर होऊ दे. धुरपदाबाईनं स्वतः रचले होते, आणि फैजपूरला तिचं दुमजली घर उभं होतं. आणखी काय पुरावा पाहिजे?

"बाप्पा! म्हणजे गोऱ्या लोकांतही हे चालतं!" ती एकटीच बोलली. एकटीनं बोलायला शपथ नव्हती.

मग ती उठली. सगळ्यात आधी पोरांचं. नवं बांधायची गरज नव्हती, आयतं घर समोर होतं. तिनं त्यावर फक्त दुसरा मजला चढवला. हात जोडले. "आई, रूपाली अन् भूषणचं जमू दे. खाली पाहुण्यांची बैठक, वर पोरांचा संसार."

एवढ्यावर थांबली असती, तर ती धुरपदाबाई कसली! पाचोऱ्याच्या पुतण्याचं, लोटनचं, घर तीन वर्षं अडलं होतं. दार पूर्वेला की उत्तरेला यावर नवरा-बायकोचं एकमत होत नव्हतं. त्याचं एक रचलं, दार मुद्दाम दोन्हीकडे ठेवलं. मग भाचा चुडामण. मग बहीण तानुबाई, तिला नुसता माळा हवा होता. दगड कमी पडले. खालच्या अंगाला वाटेवर असंच आणखी एक जुनं घर दिसलं. छान घडीव दगड! "यांचं एव्हाना बांधून झालं असेल," असं म्हणून तिनं ते पाडलं आणि त्यात शेजारणीची, मथुराबाईची, दोन घरं काढली.

चांगले दगड डाव्या उताराला होते, म्हणून वस्ती डावीकडे वाढत गेली. दहावं घर एका हिरव्यागार दलदलीच्या काठावर आलं. धुरपदाबाईनं चिखल ओळखला. शेतात जन्म गेलेली बाई ती! कडेच्या कातळावरून वळसा घालून ती पलीकडे गेली आणि अकरावं घर बांधलं. सगळ्यात शेवटचं, म्हणून सगळ्यात लाडाचं. मग त्याला टेकून बसली. पूर्ण कॉलनी झाली होती! नुसता रस्ता अन् नळ यायचा बाकी होता.

आणि समुद्रावरून धुकं आलं.

आलं म्हणजे कसं? कोणीतरी आभाळातून कापसाची गाडी उलटी केल्यासारखं! दहा पावलांवरचं दिसेना. धुरपदाबाई मुकाट बसून राहिली. थोड्या वेळानं वरून आवाज आले. पुष्कळ माणसं होती, गोरीसुद्धा. आणि सगळ्यांच्या वर नानांचा आवाज.

"घाबरू नका! भूषण्यानी सांगं ना, दगडना ढीग म्हंजे वाटनी खूण! एक ढीग सोडा, दुसरा धरा! तो पाहा! हाई दगड शे, म्हंजे हाईच वाट शे!"

धुरपदाबाईनं शेजारच्या अकराव्या घराकडं पाहिलं. वाटेची खूण? घरं नव्हती ती? आणि आपण तर खरी खूण पाडून, डावीकडे चिखलाच्या पार दहा खोट्या...

"नाना, मला वाटतं येताना आपण उजवीकडून आलो होतो," हा रूपालीचा बारीक आवाज.

"पोरी, डोंगर आमले शिकाडू नको!"

बोलावं की बोलू नये? बोललं तर शपथ मोडते, आणि ही कॉलनी कोणाची तेही निघतं. मग कसलं लग्न! न बोललं तर व्याही चिखलात. धुरपदाबाईनं जेमतेम तीन श्वास विचार केला.

"नाना, थांबा! ती वाट नाही! ते लोटनचं घर हाये!"

वरून नानांचा आवाज आला.

"काय म्हनतस अक्का? कोठे शे लोटन?"

"लोटन पाचोऱ्याला! घर इथं हाये! पुढं येऊ नका, पुढं तानुबाईचा माळा हाये!"

"अहो, अक्कांना धुकं बाधलं वाटतं," कोकिळाबाई म्हणाल्या.

"आवाज तर समोरतूनच येस!" नाना ओरडले. "म्हंजे आपण बरोबर चालनूत! या, मना मांगे या!"

आपलं बोलणं कोणी इतकं उलटं लावू शकतं, हे धुरपदाबाईला साठ वर्षांच्या संसारातही कोणी दाखवलं नव्हतं. ती ओरडली, "सरळ येऊ नका! वळसा घ्या!" नानांना त्यातलं फक्त "सरळ" ऐकू आलं. दहावं घर दिसलं. धुक्यात पलीकडे अकरावं अंधुक दिसलं. नानांनी काठी उंचावली, आणि सरळ आले.

फच्चाक्!

एक पाय गुडघ्यापर्यंत. दुसरा त्याला सोडवायला गेला आणि तोही आत. मागून येणाऱ्या एका जाड्या गोऱ्यानं नानांना धरायला हात दिला, त्याला त्याच्या बायकोनं, बायकोला आणखी कोणी, आणि सगळी माळ एकेक करत खाली बसली. फक्त भूषण आणि रूपाली काठावर उभी होती. रूपालीचा चेहरा असा, की चिखलात पडलेली बरी.

मग धुरपदाबाई उठली. कडेच्या कातळावरून वळसा घेऊन आली आणि पदर खोचला.

"काठी धरा नाना. पाय ओढू नका, आधी टाच सोडवा. जोर लावू नका, म्हशीसारखं निवांत निघा."

नाना निघाले. डावा बूट निघाला नाही. एकेक करून तिनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि पुढं झाली.

"चला माझ्या मागं. हे मथुराबाईचं. आता हे चुडामणचं, जपून, अंगण घसरडं हाये. हे लोटनचं. अन् हे आलं आपलं दुमजली. ही खरी वाट."

गोरी माणसंही मुकाट्यानं चुडामणचं अंगण ओलांडून आली. दुमजली घरापाशी उद्यानाची रक्षक बाई उभी होती. कोणीतरी तिला फोन केला होता. आपल्याकडच्या फॉरेस्टवाल्यांसारखीच टोपी अन् करडा चेहरा. तिनं पाडलेली खूण पाहिली, डावीकडचे ढीग पाहिले, आणि काहीतरी विचारलं. रूपालीचा रंग उडाला.

"ती विचारतेय, हे ढीग कोणी रचले. हा गुन्हा आहे म्हणते. माणसं मरू शकतात."

पण हे ऐकून प्रेमराज नानांचा चिखलानं लिंपलेला चेहरा हळूहळू उजळायला लागला.

"म्हंजे खोटा ढीग व्हतात? म्हंजे मी चुकनू नही! दगड चुकनात!" त्यांनी भूषणच्या खांद्यावर थाप मारली. "मी म्हनतच व्हतू, मी कसा चुकसू! पन हाई काम करं कोनी?"

आता धुरपदाबाईनं न बोलणं सोपं होतं. रक्षक बाईला मराठी येत नव्हती. पण नानांना कोणीतरी चोर हवा होता. मिळाला नाही, तर नाना जन्मभर चुकलेलेच राहणार होते. आणि साक्रीचा माणूस चुकलेला राहिला, की पोरीचं लग्नही राहिलं.

"मी," ती म्हणाली. "घरं वाटली मले. वणीला रचतो तशी. सगळ्यांची बांधली."

रूपालीनं डोळे मिटले. नाना धुरपदाबाईकडे वळले.

"बठ्ठासनी?"

"अकरा. पहिलं तुमच्या भूषणचं. हे समोरचं, दुमजली."

कोकिळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नाक ओढलं. "अहो, आपल्या पोराचं घर त्यांनी आधी बांधलं. आपल्या सख्ख्या माणसांनी कधी विटेला हात लावला होता का?"

नाना खाकरले. पण रक्षक बाईला हे कौटुंबिक काही कळत नव्हतं. दंड तिनं सोडला, कारण धुरपदाबाई म्हातारी, आणि दहा माणसं धुरपदाबाईनंच बाहेर काढली होती. पण सगळे ढीग आत्ताच्या आत्ता मोडायचे आणि जुनी खूण होती तशी उभी करायची! मग धुक्यातच मोडामोडी सुरू झाली. लोटनचं घर पुन्हा एकदा अडलं. तानुबाईचा माळा गेला. शेवटी बाई दुमजली घराशी आली, वाकली, आणि वरचा मजला काढायला लागली.

"अगं बाई! तो नको!" धुरपदाबाई कळवळली. "रूपाली, सांग तिला! तो पोरांचा मजला हाये! वरचा गेला तर पोरं कुठं राहतील?"

रक्षक बाईनं मजला काढला. खालचे दोन खांब, स्लॅब आणि टाकी तेवढी ठेवली.

प्रेमराज नाना एका बुटानिशी पुढं आले. त्या घराकडं त्यांनी बराच वेळ बघितलं, साक्रीला प्लॉट बघतात तसं.

"रडू नका, अक्का. मजबूत शे. वरला गया ते जाऊ द्या. पोरगी आमले पसंत शे." ते कोकिळाबाईंकडे वळले. "घर एकच मजलानं ऱ्हायनं ना? मंग हाई ठरनं. आम्ही दोन्हीबी बोस्टनले येतस, अन् पोरासोबत खालेच राहसूत. कायमना!"

कोकिळाबाईंनी रूपालीला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून रूपाली आजीकडं ज्या नजरेनं बघत होती, ती नजर धुरपदाबाईनं फैजपूरला परत आल्यावरही कोणाला सांगितली नाही. लग्न जमवलं कोणी, एवढंच सांगायची. बाकी चूक काही तिची नव्हती. व्याही खाली राहायला येणार, हे आधी कोणी सांगितलं असतं, तर तिनं तळमजला ठेवलाच नसता. नुसता वरचा मजला बांधला असता!