ताठ बसण्याचे दुष्परिणाम

कार्यालयातील वरिष्ठ लिपिकाची पाठ कार्यालयीन वेळेत, कार्यालयीन खुर्चीत बसून कामातून गेली, ही बाब प्रशासनाच्या निदर्शनास आणून देण्यात आली. प्रशासनाला त्यात वावगं काही दिसलं नाही. पाठ गेली म्हणजे माणूस काम करत होता, हे उलट सिद्धच झालं.

घरी मात्र बायको रोज सकाळी त्याच्या बुटांच्या नाड्या बांधताना तोंड सोडायची.

"साहेबांपुढे बरं वाकता येतं! बुटापुढेच कंबर धरते?"

खरंच होतं ते.

"असेच बसत राहिलात तर वर्षभरात ऑपरेशन," असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तेव्हा कुठे नवी खुर्ची मंजूर झाली. तिला खटकेच खटके. एक दाबला तर लिपिक टेबलाखाली गेला, दुसरा ओढला तर उताणा होऊन छत पाहू लागला. त्याच स्थितीत त्याने आलेल्या अभ्यागताला "उद्या या" असं सांगितलं. कामकाजात खंड पडू दिला नाही.

शेवटी खुर्चीच्या दुकानातली बाई आली. "पावलं जमिनीवर, स्क्रीन डोळ्यांसमोर, आणि काका, आता टेकून बसा बघू."

तो टेकून बसला. आहाहा! दुपारपर्यंत ठणका गेला. इतकी वर्षं आपण मूर्खासारखे पोक काढून बसलो, या विचाराने त्याला स्वतःचंच हसू आलं.

आणि नेमके तेव्हाच साहेब फेरीवर आले. सगळा विभाग रिवाजाप्रमाणे टेबलाला नाक लावून बसलेला, आणि मध्ये हा एकटा ताठ, वर हसरा.

"काय हो, आज काम नाही वाटतं?"

"आहे की साहेब. रोजच्या दुप्पट उरकलंय."

"उरकलं असेल. दिसत नाहीये."

संध्याकाळपर्यंत शेजारच्या दोन टेबलांच्या फायली त्याच्याकडे वर्ग झाल्या. आठवडाभरात बढतीच्या प्रस्तावावर शेरा पडला: 'कर्मचारी कामाचा ताण घेताना आढळत नाही. फेरविचार व्हावा.'

दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची पार खाली नेली, पाठ टेकायचा भाग मागे ढकलला आणि टेबलावर ओणवा झाला.

"काका, वेड लागलं का?" शेजारची टंकलेखिका ओरडली. "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"अगं, पाठ निवृत्तीनंतरही दुखेल. बढती तेव्हा मिळत नाही."

बढती मिळाली. आदेश थेट इस्पितळात, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पोचला. साहेब जातीने भेटायला आले आणि खाटेवर उताण्या पडलेल्या लिपिकाकडे बोट दाखवून सगळ्यांना म्हणाले, "बघा, याला म्हणतात कष्ट!" लिपिकाला भरून आलं. उठून नमस्कार करता येईना, याचंच काय ते त्याला वाईट वाटलं.

हसताय? हसा. पण आत्ता हे वाचताना मान खाली आणि पाठीची कमान करून बसला आहात, ते कुणासाठी? तुमच्याकडे तर कुठलाच साहेब बघत नाहीये.