जुनी वही बंद, नवं कार्ड कोरं

सोलापुरातल्या एका कचेरीनं १९७२ साली ठरवलं, की जन्मनोंदीच्या जाडजूड वह्या बंद करून लोखंडी कपाटातली अद्ययावत कार्डपद्धत आणायची. योजना चोख होती. जुन्या नोंदी कार्डांवर उतरेपर्यंत वहीत नवीन काही लिहायचं नाही, नाहीतर नक्कल जुळणार नाही. आणि नक्कल जुळल्याशिवाय नवं कार्ड उघडायचं नाही. काम तीन आठवड्यांचं. पण पडताळणीत एक जरी चूक निघाली, तर पुन्हा पहिल्या वहीपासून सुरुवात, असा नियम होता. चूक दर वेळी निघाली.

१९७८च्या जूनमध्ये मी माझ्या दाखल्यासाठी तिथं रांगेत उभा होतो. पुढं दानम्मा, सहा वर्षांच्या नातीचं बोट धरून. पोरीला शाळेत घालायचं तर जन्माचा दाखला हवा, आणि प्रवेशाचा शेवटचा दिवस तोच. टेबलामागं पंचाक्षरी कारकून, दानम्माचे सख्खे शेजारी.

"बदलाच्या काळात शहरात कुणी जन्मलेलं नाही, असं योजनेत गृहीत धरलंय," पंचाक्षरी म्हणाले.

"मग ही कोण हाय? हिच्या बारशाला पेढं खाल्लं की वो तुमी!"

"खाल्ले. पण ते खाजगीत. कचेरीला तुमची नात ठाऊक नाही."

म्हातारी रडकुंडीला आली. पोरीनं आपली बाजू म्हणून शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवले. पंचाक्षरींना खरंच वाईट वाटलं हो. ते आत साहेबांकडे जाऊन आले. खास बाब म्हणून चाचणीचं पहिलं कार्ड पोरीच्या नावे मंजूर झालं होतं. फक्त नव्या पद्धतीत मागची तारीख टाकायची सोय नव्हती.

"म्हंजी ही आज जन्मली?"

"होय. बाळाला लस टोचून घ्या. शाळेचं सहा वर्षांनी बघू."

"अवो, मागली तारीख हातानं लिवा की! लई काय अवघड हाय त्यात?"

पंचाक्षरींनी इकडंतिकडं बघितलं आणि पेन उचललं. खरं सांगतो, उचललं होतं.

"ओ आजी," रांगेतून कुणीतरी ओरडलं, "एवढी मोठी सुधारणा चाललीय, ती एका पोरीसाठी मोडायची काय? जरा सहकार्य करा!"

पेन खाली गेलं. दानम्मा नातीला घेऊन बाहेर पडली.

ओरडणारा मीच होतो. माझा जन्म जुन्या वहीतला, त्यामुळं माझा दाखला दोन मिनिटांत हातात पडला. माझ्या मागची सगळी रांग माना डोलावत होती, आणि त्यात तुम्हीही होता. मी वळून पाहिलं होतं.