गुलछडीची तेजी

"म्हैस दावणीवरून हलू देणार नाही," असं दयानंद सरांनी लातूरहून निघतानाच बायकोला बजावलं. त्यांचा मेहुणा भुजंग उदगीरजवळच्या खेड्यात दुभती म्हैस विकून, मोबाइलवर आलेल्या टिपेवर शेअर घ्यायला निघाला होता. भुजंगची बायको शिवकांता फोनवर रडली होती. पण सर इतिहासाचे प्राध्यापक! शेअरबाजाराच्या फुग्यांवर ते तासभर बोलले की भल्याभल्यांची झोप उडते, नाहीतर लागते.

पारावर बसून सरांनी थेट हॉलंड गाठलं. चारशे वर्षांपूर्वी तिथं म्हणे फुलाच्या एका कंदाला बैलजोडी मिळायची, घर मिळायचं. ऐकायला निम्मं गाव जमलं. भाव चढत होता, सरही चढत होते. तेवढ्यात लातूरची शेवटची एसटी आली.

"उरलेलं पुढच्या तासाला," म्हणून सर वर्गातून उठावं तसे उठले.

आठवड्यानं शिवकांताचा फोन आला. "दाजी, शेअरचं खूळ गेलं."

"बघ, मी म्हणालो नव्हतो?"

"म्हैस बी गेली."

गावात गुलछडीच्या कंदाला सोन्याचा भाव आला होता. सकाळी घेतलेला कंद संध्याकाळी दुपटीनं जात होता. लावत मात्र कुणीच नव्हतं. भुजंगनं शेजारच्या मन्मथला म्हैस देऊन पोतंभर कंद घेतले होते.

सर मिळेल त्या जीपनं धावले. पारावर उभं राहून उरलेला इतिहास सांगितला. एके दिवशी कंद घ्यायला गिऱ्हाईकच आलं नाही, अन् अख्खा देश कपाळाला हात लावून बसला. दुपारपर्यंत गावात गुलछडीला कुत्रं विचारीना.

"दाजी, हे आधी सांगायचं नं," भुजंग पोत्यावर बसून म्हणाला. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवकांता रिकाम्या दावणीकडं बघत राहिली.

तेवढ्यात मन्मथ लंगडत आला, मागं म्हैस. सकाळपासून तो गोठ्यातच अडकला होता, पाराकडं फिरकलाच नव्हता.

"वहिनी, ही तुमच्या हाताबिगर पान्हाच सोडीना. वर लाथा लई. तुमची म्हैस घ्या, माझं पोतं वापस द्या. अन् सर, त्या फुलाचा भाव पुढं कुठवर गेला वो?"

सरांनी घसा खाकरला. उरलेला तास कुणी आपण होऊन मागतंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"भावाचं ऱ्हाऊ द्या, भावजी," शिवकांता मधेच म्हणाली. "कंद लावून टाका. फुलं उदगीरला रोज इकली जातेत. अवो, बघत काय बसलाव, पोतं उचलून द्या त्यांना. दाजी, तुमी चहा घ्या."

सरांनी मुकाट्यानं कपाला तोंड लावलं. फुटलेला फुगा कुणी आपल्या पायानं येऊन परत नेल्याचं जगाच्या इतिहासात त्यांनी कुठं वाचलं नव्हतं. आज ते डोळ्यांसमोर घडत होतं, अन् नेमकी सांगायची चोरी!