सुभेदारसाहेबांची सुट्टी

आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात सुट्टी मिळणं सोपं होतं, सुट्टीवर जाणं अवघड होतं. कोणी मागितली आणि आमच्या मॅनेजरनं, सुभेदारसाहेबांनी, नाकारली, असं मी तीन सीझनमध्ये एकदाही पाहिलं नाही. पण मंजूर झाली म्हणून पिशवी उचलून फाटकाबाहेर पडायची सोय नव्हती. आधी ऑफिसच्या व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीसमोर उभं राहायचं आणि मुलाखत द्यायची.

"गाव कोनतं? घरी कोन कोन आहे? आईची तब्येत? भावासंगं बोलत असतो का अबोला आहे? बायकोसाठी काय घेतलं? काहीच नाही? मंग बाजारातून घे आन् मंग जाय. रिकाम्या हातानं घरी जाऊ नोको. कोई शक?"

"कोई शक?" हा त्यांचा पूर्णविराम. शक कोणालाच नसायचा, एसटी चुकायची धास्ती मात्र सगळ्यांना असायची. आणि माणूस परत आला की पुन्हा तेच. आई कशी आहे, भाऊ बोलला का, बांगड्या हातात बसल्या का. सांगणारा विसरून गेलेला असायचा, सुभेदारसाहेब विसरत नसत.

सुभेदार इंगळे मूळचे लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचे. उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेली. हाताखाली तरण्या पोरांची अख्खी तुकडी घेऊन बर्फात राहिले, वाळूत राहिले, आणि निवृत्त होऊन नांदुऱ्याला आमच्या सेठजींच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून लागले. मी तिथला हिशेबनीस. कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे एकदा सुरू झाले की आमच्याकडे शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. सुभेदारसाहेबांचं तेवढं यायचं, आणि ते भिंतीपलीकडच्या चहावाल्यालाही यायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना 'फॉल इन' केलं. माणसं, बाया मुकाट रांगेत उभ्या राहिल्या. मी थक्क झालो, कारण सेठजींनी हाक मारली तरी आमचे लोक जागचे हलत नाहीत. मग उलगडा झाला. काहीतरी वाटणार आहेत, असा सगळ्यांचा समज झाला होता. शिस्त, सफाई आणि एकजूट यांवरचं भाषण आटोपलं, हातात काहीच पडलं नाही, तेव्हा शांताबाई नावाची आमच्याकडची सगळ्यात तिखट बाई म्हणाली, "बस? मंग आमाले उभं काऊन केलं होतं?"

"कोई शक?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"शक नाही साहेब. पाय दुखून राह्यले."

सेठजींनी त्यांना घेतलं होतं आगीच्या भीतीनं. कापसाच्या गंजीवर एक ठिणगी पडली तर आयुष्याची कमाई जाते. साहेबांनी वाळूच्या बादल्या लाल रंगवल्या, विड्या जप्त केल्या आणि एका दुपारी कोणालाही न सांगता "आग! आग!" म्हणून सराव घेतला. बाया शिस्तीत बाहेर पडल्या, हमालांनी बादल्या उचलल्या. सगळं अगदी नमुनेदार झालं, फक्त सेठजी सापडेनात. ते तिजोरी उघडी टाकून, एका पायात चप्पल घालून रिक्षात बसले होते ते थेट मलकापूरच्या रस्त्याला लागले होते. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "सुभेदारसाब, अगली बार आग लगानी हो तो पहले मेरेको फोन करना."

शांताबाईची गोष्ट याहून मजेची. तिनं पौषात सासू वारली म्हणून सुट्टी घेतली. पुढं होळीच्या तोंडावर पुन्हा सासू वारली. सुभेदारसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं.

"शांताबाई, तुही सासू तं पौषात गेली होती न?"

"ते मोठी सासू होती साहेब. हे चुलत."

"बरं. जाय."

दुसऱ्या दिवशी ते सायकलवर टांग टाकून सांत्वनाला तिच्या गावी गेले. सासू ओट्यावर बसून लसूण सोलत होती. तिनं यांना चहा पाजला. शांताबाई माहेरी गेली होती, तिथं तिच्या भावाची सोयरीक जुळवणं चाललं होतं. ती परत आली तेव्हा मी मुद्दाम व्हरांड्यात घुटमळलो. म्हटलं आता तोफ सुटणार. साहेब म्हणाले, "भावाचं जमलं का? चांगलं झालं. सासूचे गुडघे लै दुखतात, राती तेल लावत जाय. कोई शक?"  त्यानंतर शांताबाईनं सुट्टीसाठी कोणाला मारलं नाही.

"तुम्हाला काय करायच्यात या नसत्या चौकशा?" मी एकदा त्यांना विचारलंच. जेवणाची सुट्टी होती, दोघंही डबा उघडून बसलो होतो. त्यांचा डबा खानावळीचा.

"बाबूजी, फौजेत हा कायदाच असते. जवान घरी निघाला का त्याच्या साहेबानं त्याले विचारायचं. वापस आला का पुन्हा विचारायचं. घरचं ओझं मनात घेऊन पोरगं चौकीवर उभं राह्यलं तं त्याचं ध्यान कुठी राहीन? माह्या हाताखालच्या पोराच्या गाईले वासरू झालं तरी मले मालूम राहे."

"आणि तुम्हाला कोण विचारायचं?"

ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले. मग त्यांनी मला निवृत्तीनंतरचं घर सांगितलं. न विचारता, हसत हसत सांगितलं.

फौजेत असताना ते वर्षातून एकदा सुलतानपूरला जायचे. फाट्यावर अर्धं गाव हजर. घर सारवलेलं, पुरण शिजलेलं, पोरं नव्या कपड्यांत. तसंच पुरण निवृत्त होऊन आले तेव्हाही शिजलं. आठवडाभर शिजलं. मग भाकरी आणि पिठलं आलं, आणि एके दिवशी बायकोनं सहज विचारलं, "आज दुपारी घरीच आहे का तुमी?" शेत ती बघत होती, बँक ती बघत होती, ट्रॅक्टरवाल्याशी भांडणही तीच करत होती. पोरगा पुण्याला नोकरीला. सुभेदारसाहेबांना काही काम दिसेना. म्हणून ते सकाळी निंदायला आलेल्या बायांना रांगेत उभं करू लागले. ऐन निंदणाच्या दिवसांत बाया यायच्या बंद झाल्या.

"तवा आमची मंडळी काय म्हने मालूम आहे? म्हने, तुमी सुट्टीवर येत होते तं आमी सारे उभे राहत होतो. आता रोज किती उभं राहायचं?" ते मोठ्यानं हसले. हसणं लगेच संपलं. "गलत नव्हती ते, बाबूजी. एकदम सही होती."

मग त्यांनी ही नोकरी धरली. कारखान्यातच मागं एक खोली होती तिच्यात राहू लागले. पलंगावरच्या चादरीला सुरकुती नाही, काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव, खिडकीत आरसा, आणि बसायला एकच खुर्ची. मी जायचो तेव्हा ते उभे राहायचे आणि मला बसवायचे. एका खुर्चीत किती वेळ बसणार? मीही फारसा जात नसे.

संक्रांत आली, होळी आली की घरून फोन यायचा. ते अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन ताठ उभं राहून बोलायचे. आवाज असा की गुपित राहण्याची शक्यताच नाही. "नाही, सुट्टी नाही! सेठ नाही म्हनून राह्यला! सीजन आहे!"

आत गादीवर लोळणारे सेठजी दचकून उठायचे. "मैंने कब मना किया? इनको बोलो ना भई, कल के कल जाओ."

मी तो निरोप पोचवला नाही. मला दिसत होतं ते सेठजींना दिसत नव्हतं. हा माणूस शंभर जणांना घरी पोचवत होता आणि स्वतः जात नव्हता. सुट्टीवर असलेल्याची वाट पाहतात. घरातच बसलेल्याची कोण पाहणार? तीन सीझन त्यांनी बायकोला वाट पाहायला लावली होती, कारण तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. 

यंदा अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच कापूस संपला. शेवटच्या गाठी ट्रकवर चढल्या, रेचे थांबले आणि कारखान्यात चिमण्या ऐकू येऊ लागल्या. सुभेदारसाहेबांनी एकेकाची मुलाखत घेऊन सगळ्यांना रवाना केलं. शांताबाईनं जाताना त्यांना विचारलं, "तुमी कवा जाता साहेब?" ते म्हणाले, "मशिनीले तेलपानी कोन करीन?" मागच्या दोन्ही उन्हाळ्यांत हेच उत्तर होतं. मशीनला एवढं तेल लागत नाही.

त्याच दिवशी ऑफिसातला फोन वाजला. पलीकडून बाईचा ठणठणीत आवाज आला. "सुभेदारायच्या घरून बोलते. तुमी हिशेबवाले न? यायले सुट्टी द्या."

मी गडबडलो. म्हटलं, "वहिनी, सध्या जरा..."

"राहू द्या. कारखाना बंद झाला ते मले मालूम आहे. आमच्या शेजारचा ट्रक तुमच्याकडंच कापूस टाकते. दरसालचं मालूम आहे." ती थांबली. "त्यायले असं नोका सांगू. त्यायले सांगजा, घरून लै विनंती आली म्हनून मंजूर केली. म्हना, बायको वाट पाहून राह्यली." पुन्हा थांबली, आणि आवाज खाली आला. "आन् ते खोटं नाही."

मी मागच्या खोलीकडे गेलो. ते दारात बसून बुटांना पॉलिश करत होते.

"सुभेदारसाहेब, तुमची सुट्टी मंजूर झाली."

ते उठून उभे राहिले. "मी मांगली कुठी?"

"घरून विनंती आली होती. वहिनींची. सेठजींना नाही म्हणता येईना."

"काय म्हनत होती?"

"वाट पाहते म्हणाल्या."

 हातातला ब्रश त्यांनी खिडकीत ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग अगदी हलक्या आवाजात, त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात, त्यांनी विचारलं, "किती दिवसाची?"

रिकाम्या अंगणात एक पान हलत नव्हतं. कारखाना आता दिवाळीला सुरू होणार होता. ते मला माहीत होतं आणि त्यांनाही होतं.

"दहा दिवसांची," मी म्हणालो.

"दहा बस झाले. दहा दिवस घर खुश राहते." त्यांनी ट्रंक पलंगाखालून ओढली.

"वाढवून पाहिजे असली तर मला फक्त एक फोन करा."

त्यांनी मान हलवली. "मी नाही करनार, बाबूजी. फौजेत सुट्टी वाढवाची असली तं घरून तार यायची." ते ट्रंकेत कपडे रचू लागले, माझ्याकडे न बघता. "तिचा फोन आला तं वाढवजा."